रिकाम्या पात्राचं वजन

मी काट्यावर उभी असताना चिरपुटकर सरांनी टेअरचं बटण दाबलं, तेव्हापासून माझं वजन शून्य आहे.

यात त्यांचा काही वाईट हेतू नव्हता. आमच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या वस्तुमान विभागात एक मोठा काटा आहे, माणूस सहज उभा राहील एवढ्या पाटाचा. देशातली बंदरं, कारखाने, औषधवाले, सगळ्यांची वजनं शेवटी फिरत फिरत याच्याशी येऊन जुळवली जातात. त्याचा पाट पुसायला मी स्वतः चढते, अनवाणी, हातात मऊ कातड्याचं फडकं घेऊन, कारण दुसऱ्या कुणाच्या हातावर माझा विश्वास नाही. त्या दिवशी दिल्लीचे पाहुणे वेळेआधीच आत आले. विभागप्रमुख म्हणून चिरपुटकर सर पुढे होते. पडद्यावर अठ्ठावन्न किलो दिसत होते. पाहुण्यांना काटा नेहमी शून्यावर दाखवायचा ही आमच्याकडची जुनी रीत. सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, "आधी शून्य करून घेऊ," म्हणाले आणि बटण दाबलं.

काटा शून्यावर आला. मीही आले.

टेअर म्हणजे काही मोठी विद्या नाही. तेल विकणारा जुना वाणी हेच करायचा, त्याला धडा करणं म्हणतात. आधी रिकाम्या डब्याचा धडा करायचा, म्हणजे डब्याचं वजन हिशेबातून काढून टाकायचं, आणि मग तेल ओतायचं. गिऱ्हाईक तेलाचं वजन बघतं. डब्याबद्दल कुणी बोलत नाही.

मी पाटावरून खाली उतरले तेव्हा पडद्यावर उणे अठ्ठावन्न किलो उमटले. पाहुण्यांपैकी एकाने विचारलं, "हे काय?"

"संवेदनशीलता," सर म्हणाले.

पाहुण्यांनी माना डोलावल्या. या शब्दावर मान डोलावली नाही तर आपल्यात ती नाही असं वाटतं लोकांना.

मी काही उडत वगैरे नाही. शून्य वजन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर फुगा येतो. माझे पाय जमिनीवरच असतात, फक्त जमिनीला ते कळत नाही. लिफ्टमध्ये एकटी चढले तर दार मिटत नाही, लिफ्ट कुणीतरी येईल म्हणून वाट पाहत राहते. खुर्ची कुरकुरत नाही. गादीवर खळगा पडत नाही. पहिल्याच आठवड्यात विद्याधरच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, ते लक्षात आलं. आम्ही दोघं अकोल्याचे. इतकी वर्षं इकडे राहूनही काळजी वाटली की त्याच्या तोंडून वऱ्हाडीच निघते.

"काहून इतकी बारीक झाली तू?"

"बारीक नाही झाले. माझा धडा झालाय."

"डॉक्टरले दाखव मंग."

डॉक्टरला दाखवलं. त्यांच्या काट्यावर उभी राहिले, काटा जागचा हलला नाही. "मशीन बिघडलंय," असं म्हणून त्यांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या.

बैठकीत जास्त त्रास व्हायचा. काट्याच्या खोलीतला दमटपणा सकाळीच मोजून घ्यायला हवा, असं मी म्हणाले, तर ते कुणाच्या कानापर्यंत पोचलं नाही. थोड्या वेळाने चिरपुटकर सर तेच वाक्य बोलले आणि टेबल दबलं. मी स्वतः पाहिलं, टेबलाचे पाय फरशीत बोटभर रुतले. खरं सांगायचं तर याची मला सवय होती. बटण दाबायच्या आधीही माझ्या बोलण्याने टेबल कधी दबलं नव्हतं. तेव्हा मी समजत होते की टेबल मजबूत आहे.

माझं काम इथेच सांगून टाकते, पुढे ते कुणी सांगणार नाही. पाणी जसं पोहणाऱ्याला उचलून धरतं, तशी हवा प्रत्येक वस्तूला किंचित उचलून धरते. त्यामुळे कुठलीही वस्तू असते त्याहून जराशी हलकी भरते. ती किती हलकी भरते, हे आपल्या हवेत, आपल्या उंचीवर, आपल्या दमटपणात नेमकं शोधायची रीत मी बसवली. माझं तरुणपण त्यात गेलं. काट्याच्या खोलीत माणसाच्या अंगाची ऊबसुद्धा चालत नाही, आकडा हलतो. मुलगी लहान होती तेव्हा मी तिला कुशीत घेऊन, पाळणाघरात सोडून कामावर यायचे. चिरपुटकर सर दारातच म्हणायचे, "मॅडम, ऊब घेऊन आलात. बाहेर थोडं थंड होऊन या." मी बाहेर ओट्यावर बसून थंड व्हायचे. ते मी इतकी वर्षं केलं की पुढे पुढे घरून निघतानाच थंड असायचे.

या रीतीला आमच्याकडे चिरपुटकर पद्धत म्हणतात.

आमच्याकडे शास्त्रज्ञांना इंग्रजी अक्षरांच्या पायऱ्या असतात. मी ई होते. एफ होण्यासाठी तीनदा मुलाखतीला गेले आणि तीनदा हात हलवत परत आले. आता निवृत्ती दिसायला लागली होती, ही शेवटची संधी होती. एफ झालं की देशाच्या वजनांच्या दाखल्यावर सही करता येते. मला ती सही करायची होती. उज्ज्वला नांदूरकर, पूर्ण नाव. प्रयोगशाळेत सगळे मला मॅडम म्हणतात, नाव कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. मला एफ व्हायचंच होतं, त्यात लाजायचं काय?

शेजारच्या टेबलावर मोहसीन पटवेकर बसतात. मुरुडकडचे, माझ्याच वर्षी लागलेले, मोजकं बोलणारे. त्यांना मी सगळं सांगितलं.

"सोपं आहे, मॅडम," ते म्हणाले. "पाट रिकामा ठेवायचा नि परत शून्य करायचं. तुमचं तुम्हाला मिळेल."

आम्ही दोघं काट्यापाशी गेलो. बटणावर लाखेचं सील लावलेलं होतं आणि बाजूला चिरपुटकर सर उभे होते.

"सर, माझ्या वजनासकट शून्य झालंय," मी म्हणाले. "परत करायला हवं."

"मॅडम, त्यानंतर या काट्यावरून किती दाखले गेलेत, कल्पना आहे का? बंदरं, कारखाने, औषधं. सगळे त्या शून्यावर उभे आहेत."

"पण ते शून्य चुकीचं आहे."

"चूक सगळ्यांची एकच असली की तिला प्रमाण म्हणतात. तुमच्या एकटीसाठी देशाचं वजन बदलायचं का?"

पटवेकर घसा खाकरून म्हणाले, "सर, शास्त्र म्हणून बघायचं तर..."

"पटवेकर, यंदा तुमचीही मुलाखत आहे ना?"

पटवेकर एक पाऊल मागे सरकले. मग सरांनी आवाज मऊ केला. तो ते छान करतात. "मॅडम, एफ होऊ द्या. पद आलं की वजन आपोआप येतं. माझं नाही का आलं?" आणि ते चालू लागले, तशा त्यांच्या पायाखालच्या फरश्या एकेक करून दबत गेल्या.

त्याच आठवड्यात सरांच्या हातून दोनशे ग्रॅमचं प्रमाण वजन खाली पडलं. पडलेलं वजन आमच्याकडे मेलेलं धरतात, कितीही चकचकीत असलं तरी. ते दिल्लीला कळवावं लागतं. सरांनी दार लावून घेतलं.

"मॅडम, हे जरा पोटात ठेवा."

पोटात ठेवा म्हणजे कुणाला सांगू नका, असं मी समजले. कुणीही तेच समजलं असतं. पण सरांनी चिमट्याने ते वजन उचललं आणि माझ्या पोटात ठेवलं. दुखलं नाही. बरणीला झाकण बसावं तसा आवाज आला तेवढाच. सर गेल्यावर मी काट्यावर चढून पाहिलं. पडद्यावर दोनशे ग्रॅम आले. इतक्या दिवसांनी मी कुठेतरी काहीतरी भरले होते. मला आनंद झाला, आणि त्या आनंदाची मला अजून चीड येते.

मग रीघच लागली. माझा धडा झालेला असल्यामुळे माझ्यात काहीही ठेवलं तर ते नेमकं किती आहे हे कळायचं, आणि मी कुठे बोलायचे नाही. संचालकांनी जळालेला पंप ठेवला. कुणाकुणाचे जुळवून आणलेले आकडे आले, ते दाण्यांसारखे तळाशी सांडायचे. दोन विभागांचं जुनं भांडण आलं, ते ओलं होतं आणि दिसतं त्याहून जड. एका मुलीने अचानक नोकरी सोडली होती. तिने ती का सोडली, ते कारणही माझ्याच पोटात ठेवण्यात आलं. ते धारदार होतं. मी ते आडवं करून, भांडणाच्या खाली नीट ठेवलं. आपण ठेवून घेतलं नाही तर दुसरी कुणी ठेवून घेईल आणि एफ होईल, असा माझा हिशेब होता. माझं स्वतःचं जे होतं ते या सगळ्याखाली दबत दबत तळाला गेलं.

घरी मला जेवण जाईना.

"दोन घास खाय ना," विद्याधर म्हणाला.

"जागा नाही."

त्याने माझ्या पोटाला कान लावला. मुलीच्या वेळी लावायचा तसा. बराच वेळ तो ऐकत राहिला.

"काय वाजते वं आत?"

"ऑफिसचं आहे."

"काढून टाक."

"मुलाखत होऊ दे."

तो उठून बाहेर गेला आणि कोरड्या पडलेल्या कुंड्यांना पाणी घालत बसला. त्याला राग आला की तो झाडांकडे वळतो. मला त्याच्या मागे जावंसं वाटलं, पण खाली वाकलं की आतलं सगळं एका बाजूला जायचं.

छाननी झाली. फलकावर माझ्या नावापुढे 'पात्र' लिहिलेलं होतं आणि पटवेकरांच्या नावापुढे 'अपात्र'. लोकांनी माझं अभिनंदन केलं. दोघांनी त्यातच माझ्या पोटात काहीबाही ठेवून दिलं. पटवेकर शेवटी आले. त्यांच्या हातात त्यांची पिशवी होती, टेबल रिकामं केलेलं दिसत होतं.

"तुम्ही तेव्हा माझ्यासाठी बोललात, म्हणून झालं का हे?" मी विचारलं.

"असेल. अर्धंच वाक्य बोललो, ते पुरलं." ते हसले. "मॅडम, एक विचारू? पात्र म्हणजे भांडंपण ना?"

"हो. भांडंच."

"मला वाटलं माझी मराठी चुकते की काय."

मला हसू आलं. आत सगळं खडखडलं. पटवेकर त्या आवाजाकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "मॅडम, जाऊ नका मुलाखतीला. माझ्याबरोबर चला, फाटकापर्यंत तरी." मी नाही म्हणाले. ते गेले. त्यांची जड पावलं जिन्यावरून, मग आवारातून, मग रस्त्यावरून कितीतरी वेळ ऐकू येत होती. अख्ख्या इमारतीत तेवढाच एक खरा आवाज होता. मला त्यांचा हेवा वाटला आणि तरी मी केस नीट केले, साडीची निरी चापून बसवली आणि मुलाखतीला निघाले.

मुलाखतीच्या खोलीकडे जाणारा बोळ पुढे पुढे अरुंद होत गेला. दोन्ही खांदे भिंतींना घासायला लागले. शेवटी मी तिरकी झाले, श्वास सोडला आणि आत शिरले. आत एक लांब टेबल होतं. त्यामागे समिती बसली होती. मधोमध अध्यक्ष, बाहेरगावचे, गोड बोलणारे. त्यांच्या उजव्या हाताला घरचे सदस्य म्हणून चिरपुटकर सर. टेबलासमोर खुर्ची नव्हती. मोठा काटा होता.

"बसा, बसा," अध्यक्ष म्हणाले.

मी पाटावर मांडी घालून बसले.

"आपलं काम थोडक्यात सांगा."

मी हवेपासून सुरुवात केली. ती कशी उचलून धरते, दमटपणाने काय फरक पडतो, पहिली दहा वर्षं मी कुठे चुकत होते. मी चांगलं बोलले. इतकं नीट मी आजवर कधीच बोलले नव्हते. कुणी माझ्याकडे पाहत नव्हतं. सगळे पडद्याकडे पाहत होते.

"भरपूर दिसतंय," एक सदस्य म्हणाले. "पण यातलं यांचं स्वतःचं किती?"

"काढून बघू," चिरपुटकर सर म्हणाले. ते उठले, बाह्या सारल्या आणि एकेक बाहेर काढू लागले. "हा पंप संचालकांचा. हे आकडे सामायिक. भांडण दोन्ही विभागांचं, निम्मं निम्मं." त्या मुलीचं कारण निघालं तेव्हा सगळे सदस्य एकदम आपापला चहा ढवळायला लागले. प्रत्येक वस्तूबरोबर पडद्यावरचा आकडा उतरत होता. दोनशे ग्रॅमचं वजन सरांनी काहीच न बोलता खिशात टाकलं. पडदा शून्यावर आला.

"निव्वळ शून्य," सदस्य म्हणाले.

"अजून आहे," मी म्हणाले. "तळाशी आहे. ते माझं आहे."

"मॅडम, पडदा शून्य दाखवतोय."

"दाखवणारच! काटा शून्य केला तेव्हा ते आत होतंच. माझ्या वजनातच ते धरलं गेलं. सर, तुम्हाला ठाऊक आहे हे. तुम्ही बटण दाबलंत!"

मी ओरडत होते. नोकरीत पहिल्यांदाच. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, आणि मला भीती न वाटता बरं वाटलं. अध्यक्षांनी हात जोडल्यासारखे करून मान तिरकी केली.

"म्हणजे ते पात्राचाच भाग झालं," ते म्हणाले. "हरकत नाही. ओतून बघू."

दोन सदस्यांनी मला खांद्यांना धरलं, दोघांनी घोट्यांना. त्यांना काहीच कष्ट पडले नाहीत. त्यांनी मला उलटं केलं. चिरपुटकर सरांनी खाली दोन्ही हातांची ओंजळ धरली. आधी काहीच आलं नाही. मग कुणीतरी माझ्या पाठीवर थापट्या मारल्या, भांड्याच्या बुडावर मारतात तशा. मी दात आवळून धरले होते. पण पहिल्यांदा थंडी आली, ओट्यावरची, सगळ्या वर्षांची, आणि दात आपोआप वाजायला लागले. मग पोरीचं रडणं आलं. त्याच्या मागोमाग ती रीत आली, एकसंध, गोल, चकचकीत, कुठेही ओरखडा नसलेली. इतकी सुंदर आहे हे मलाही माहीत नव्हतं. ती सरांच्या ओंजळीत पडली आणि सर तिच्या भाराने गुडघ्यांवर आले.

"बाप रे," ते म्हणाले. "केवढं जड आहे हे."

त्या दिवशी त्या खोलीत तेवढं एक वाक्य खरं बोललं गेलं.

"अभिनंदन, सर," अध्यक्ष म्हणाले. सदस्यांनी टाळ्या वाजवल्या, म्हणजे माझे पाय आणि खांदे सोडून देऊन वाजवल्या. मी फरशीवर पडले. आवाज झाला नाही.

"आणि माझं एफ?" मी विचारलं.

"आपण पात्र आहात," अध्यक्ष म्हणाले. "त्याबद्दल कुणाचंही दुमत नाही. पुढच्या वेळीही असाल."

त्यांनी मला स्वच्छ पाण्याने आतून-बाहेरून विसळलं आणि मागच्या खोलीत जाळीच्या फळीवर पालथं घातलं. त्या फळीवर आणखी बायका होत्या, काही पुरुषही, सगळे ओळीने पालथे. प्रत्येकाच्या तोंडाखाली जाळीचं एकेक भोक होतं. शेजारच्या बाईंचे केस पांढरे होते आणि ते जाळीतून खाली लोंबत होते.

"कुठला विभाग?" त्यांनी ओठ न हलवता विचारलं.

"वस्तुमान."

"आत काही राहिलंय?"

मी आत चाचपून पाहिलं. तळाला कडेने काहीतरी चिकटून राहिलेलं होतं. फार थोडं, पण माझं होतं, आणि अजून कोमट होतं.

"थोडंसं," मी म्हणाले.

"मग बोलू नका. तोंड उघडलं की पडतं."

मी ओठ मिटून घेतले. खालून कुणीतरी चालत आलं. माझ्या तोंडाच्या बरोबर खाली त्याने एक वाटी ठेवली, ती जरा सरकवून नीट केली, वर पाहिलं आणि मोठ्या आदराने मला माझ्या पूर्ण नावाने हाक मारली.